इको-फ्रेंडली प्रॉडक्ट काढताय, तेही कमी पैशात? मग या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, दोन-अडीचचा सुमार, गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरात सगळे जेवून आडवे झालेले आणि पडवीतून फाट्कन आवाज आला. सासूबाईंना वाटलं कौलांवर नारळ पडला. जाऊन बघते तर माझी बायो-एन्झाइमची बाटली, झाकण वाशाला आपटून कुठेतरी गेलेलं आणि अननसाचं आंबूस पाणी भिंतीवर, चपलांवर, सुकत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर सुद्धा. त्या दिवशी एकूण ११ बाटल्या फुगलेल्या निघाल्या आणि त्यातल्या ६ दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या एका दुकानात द्यायच्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बायो-एन्झाइम म्हणजे एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली आणि दहा भाग पाणी, हे प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये तीन महिने आंबवायचं, गाळायचं आणि लादी पुसायला, सिंक-बाथरूम घासायला वापरायचं. भांडवल जवळजवळ नाहीच म्हणून मी यात पडले. आता तिसरं वर्ष चालू आहे आणि हल्ली कुणी ना कुणी विचारत असतं, ताई मला पण काहीतरी इको-फ्रेंडली सुरू करायचंय, कुणाला साबण, कुणाला पोफळीच्या विरींच्या (सुपारीच्या झाडाच्या पानांच्या रुंद देठांच्या) प्लेटी, कुणाला कापडी पिशव्या, आणि जरा बोललं की कळतं चुका त्याच आहेत, फक्त वस्तू वेगळी. आपण "इको" या शब्दावरच एवढे खूश असतो की ती आधी एक वस्तू आहे, ती गळता कामा नये, कुजता कामा नये आणि तिने सांगितलेलं काम केलं पाहिजे, हेच विसरून जातो.

माल तयार व्हायच्या आधी विकायची घाई

माझ्या बाटल्या का फुगल्या? मी तीन महिन्यांच्या जागी सात आठवड्यांत गाळलं होतं, कारण दुकानदाराने ऑर्डर दिली आणि मला नाही म्हणवलं नाही. गुळातली साखर शिल्लक असते तोवर यीस्ट ती खात राहतं आणि गॅस सोडत राहतं, ड्रमचं झाकण आपण रोज उघडतो म्हणून तिथे काही होत नाही, पण तेच पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलं आणि वर गोव्याचा मे महिना असला की मग आवाज येणारच. आता मी एक साधी गोष्ट करते. गाळल्यावर एका बाटलीच्या तोंडाला लहान मुलांचा फुगा लावते आणि चार-पाच दिवस ओट्यावर तशीच ठेवते, फुगा उभा राहिला तर अजून तयार नाही, लोळत पडला तर भरायला घ्या. पंधरा रुपयांच्या फुग्यांच्या पाकिटात वर्षभराचं टेस्टिंग होतं.

ड्रममध्ये वर पांढरा पातळ थर आला तर घाबरू नका, ते यीस्टच, ढवळा आणि साली पाण्याखाली दाबून ठेवा. काळी किंवा हिरवी केसाळ बुरशी आणि कुजका वास आला तर मात्र साली शिळ्या होत्या किंवा गूळ कमी पडला, वरवर काढून पुढे ढकलू नका, तो ड्रम कंपोस्टच्या खड्ड्यात गेला. चांगल्या मालाला आंबट-गोड वास येतो आणि पीएच पट्टी (आंबटपणा मोजायचा कागद) साधारण ४ च्या खाली दाखवते. ड्रम काठोकाठ भरू नका, वर पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. आणि काचेची बरणी तर नकोच. हो, इको-फ्रेंडली वस्तू प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच बनते, मला पण आधी ते खटकलं होतं, पण काच फुटून कुणाच्या डोळ्यात जाण्यापेक्षा तोच ड्रम दहा वर्षं वापरलेला बरा.

एप्रिलात बोंडू (काजूची फळं) फुकट मिळतात म्हणून मी एकदा बोंडूंचा ड्रम लावला. महिनाभर घराला फेणीच्या भट्टीचा वास, शेजारचे काका दोनदा काहीतरी निमित्त काढून चक्कर मारून गेले. फरशी छान निघायची पण ती बाटली कुणी दुसऱ्यांदा घेतली नाही. वास हा पण प्रॉडक्टचा भाग आहे, आता मी मोसंबी, लिंबू आणि अननस एवढ्यावरच राहते.

अर्धं बजेट पॅकिंगमध्ये

ही चूक सगळेच करतात आणि सगळ्यात महाग हीच पडते. माझ्याकडे ४०,००० होते, त्यातले २२,००० मी पहिली बाटली विकायच्या आधी खर्च केले, ५०० छापील बॉक्स (प्रिंटर म्हणाला त्याच्या खाली परवडत नाही), ज्यूटच्या थैल्या आणि तुळशीचं बी घातलेल्या कागदाचे टॅग. फोटोत काय सुंदर दिसायचं ते! मग जून आला. बॉक्स पापडासारखे मऊ, थैल्यांवर काळे ठिपके, आणि बियांच्या टॅगांचा गठ्ठा उघडला तर आत पांढरी बुरशी आणि दोन-चार कोंब. टॅगने आपलं काम चोख केलं म्हणायचं, फक्त माझ्या कपाटात.

गोव्याचा पावसाळा हाच तुमचा खरा टेस्टर आहे. पोफळीच्या प्लेटी करत असाल तर जास्तच, विरी नीट सुकली नसली तर जुलैत सगळा स्टॉक केसाळ होतो, तेव्हा पूर्ण उन्हात सुकवा, जमिनीपासून वर फळीवर ठेवा, हवाबंद भरा आणि आषाढ-श्रावणासाठी मोठा साठा करूच नका. (याच प्लेटींबद्दल अजून एक, अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध खात्याने) २०२५ मध्ये पोफळीच्या पानाची भांडी तिथे विकायला चालणार नाहीत असं सांगितलंय, पोफळीतले घटक अन्नात उतरतात म्हणून. तेव्हा कुणी एक्सपोर्टची स्वप्नं दाखवत असेल तर जरा थांबा.)

बॉक्सची दुसरी गंमत पुढे कळली. पॅक करून विकायच्या वस्तूवर २०११ च्या लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजन-मापाच्या) नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, किती मिली, सगळे कर धरून एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल, एवढं तरी लागतं. माझ्या त्या देखण्या बॉक्सवर पानं होती, फुलं होती, एक पक्षी पण होता, एमआरपी नव्हती. आता मी ब्राउन कागदाचं लेबल आणि रबर स्टॅम्प वापरते, किंमत बदलली की नवा स्टॅम्प, संपलं. इंकजेटवर मात्र छापू नका, ओल्या हाताने बाटली धरली की शाई वाहते आणि तुमचा ब्रँड गिऱ्हाइकाच्या बोटांवर.

कुठली पण जुनी बाटली

रियूज म्हणून मी सुरुवातीला फेणीच्या रिकाम्या बाटल्या धुऊन भरल्या. रंग सोनेरी, वास आंबूस फळांचा. एका घरी आजोबांनी ती कपाटातून काढून पेल्यात ओतलीसुद्धा, सूनबाई वेळेत आली म्हणून बरं. त्या रात्री मला झोप नाही लागली. दारूच्या, सरबताच्या, पाण्याच्या बाटलीत साफसफाईचं काहीही भरायचं नाही, कितीही इको असलं तरी. आणि "पिऊ नये, मुलांपासून दूर ठेवा" हे मोठ्या अक्षरांत.

जे सिद्ध करता येत नाही ते लिहिणं

माझ्या पहिल्या लेबलवर "९९.९% जंतू मारतं, १००% केमिकल-फ्री" असं होतं, सगळे लिहितात म्हणून मी पण. फिनेलच्या बाटलीवर तसं असतं कारण त्यांनी टेस्ट केलेली असते, माझ्याकडे कुठला रिपोर्ट होता? आणि केमिकल-फ्री तर पाणी पण नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर (पुराव्याशिवाय इको असल्याचं मिरवण्यावर) गाइडलाइन्स काढल्यात, नुसतं "ग्रीन", "इको-फ्रेंडली", "नैसर्गिक" लिहून चालत नाही, कशामुळे ते सांगायचं आणि पुरावा हवा. माझं लेबल आता म्हणतं, मोसंबी-अननसाच्या साली, गूळ, पाणी, तीन महिने आंबवलेलं, रिकामी बाटली परत घेतो. यातलं प्रत्येक वाक्य मी कुणाला पण घरी आणून दाखवू शकते.

जे करत नाही ते पण लिहा. हे पाणी आम्लधर्मी असतं, संगमरवरावर पडलं तर चमक जाते. मला हे एका बाईंच्या देवघराच्या ओट्यावरून कळलं, पैसे परत केले, पॉलिशवाल्याचे पण भरले. त्याच आम्लामुळे तांब्याची भांडी आणि समया मात्र भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी घासल्यासारख्या लख्ख निघतात, आणि ते मी आधी कधी लिहिलंच नव्हतं!

कंपोस्टेबल पिशव्या घेऊन विकणाऱ्यांनी पिशवीवर केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या सर्टिफिकेटचा नंबर आहे का बघावं, नसेल तर घेऊ नका. आणि असली तरी ती घरच्या खड्ड्यात महिन्याभरात विरघळेल असं सांगू नका, तिची टेस्ट मोठ्या कंपोस्ट प्लांटच्या गरमीत झालेली असते. आंघोळीचा साबण करणाऱ्यांनो, तो कॉस्मेटिकमध्ये येतो, विकायला बनवायचा तर राज्याच्या एफडीएचं लायसन्स लागतं, घरी बनवला म्हणून सूट नाही.

किंमत मनात येईल ती

पहिल्यांदा ५०० मिलीची बाटली मी ६० रुपयांना लावली, साली फुकटच्या, गूळ किलोभर, महाग कशाला. आता वहीतला हिशोब बघा. १० लिटर पाणी घातलेल्या ड्रममधून गाळून १८ बाटल्या मिळतात. दुकानाचे ३० टक्के म्हणजे १८ रुपये गेले, राहिले ४२. बाटली-झाकण १४, लेबल ३, गूळ साधारण ३, म्हणजे २० गेले, राहिले २२. डिचोली-म्हापसा-पणजी फेरीचं पेट्रोल बाटलीमागे १०. हातात १२ रुपये. आणि साली गोळा करण्यापासून भरण्यापर्यंत एका बाटलीमागे माझी वीस मिनिटं जातात. म्हणजे तासाला ३६ रुपये, आणि ती फुगलेल्या ११ बाटल्यांची दुपार यात धरलेलीच नाही.

आता दुकानात ११० ला आहे आणि खरी कमाई तिथे नाहीच. गावातल्या बायका स्वतःची बाटली घेऊन येतात, ७० रुपयांत भरून नेतात, त्यात ना दुकानाचं कमिशन, ना बाटली, ना पेट्रोल. कुरिअरच्या नादी तर लागूच नका, आपण जवळजवळ पाणीच पाठवतोय आणि पैसे वजनावर द्यायचेत.

टुरिस्टसाठी माल, तो पण चुकीच्या महिन्यात

गोव्यात धंदा म्हटलं की डोळ्यासमोर हणजूणचा (अंजुनाचा) बुधवारचा बाजार येतो. मी पण स्टॉल लावला, लोकांनी फोटो काढले. विमानाने आलेला माणूस फरशी पुसायचं पाणी घेऊन जाईल कशाला? तिथे करवंटीचा बाऊल, कापडी पिशवी चालते, हलकी वस्तू. माझं गिऱ्हाईक घरातलं आहे आणि घरातल्या साफसफाईचा सीझन म्हणजे चवथ, गणेश चतुर्थी. रंगकाम, माजघर धुणं, समया-तांब्याची भांडी काढणं, सगळं त्या आधीच्या पंधरा दिवसांत. तिथून तीन महिने मागे मोजा, ड्रम मेमध्ये लागायला हवेत, म्हणजे पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) खरेदीच्या गडबडीतच. मी पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये लावले आणि माल तयार झाला नोव्हेंबरात, चकाचक घरांसाठी.

आणि हे गोव्यातल्यांनी नीट वाचा, दोडामार्ग आम्हाला पणजीपेक्षा जवळ, पण ते दुसरं राज्य आहे. गोव्यातल्या गोव्यात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, पण हस्तकलेच्या वस्तू सोडल्या तर कर लागणारा माल राज्याबाहेर विकायचा म्हटलं की पहिल्या बाटलीपासून लागतो. मी दोडामार्गच्या दुकानाला होय म्हणून बसले होते, सीएने थांबवलं.

ओळखीतली वाहवा आणि उधारी

फुकट वाटलेल्या बाटल्यांवर सगळे "मस्त गो" म्हणाले. मी ते खरं धरून आणखी चार ड्रम घेतले. नातेवाइकांना विकतच द्या, अर्ध्या किमतीत का होईना, आणि महिन्याने फक्त एकच विचारा, दुसरी देऊ का? वीस घरांतल्या सहा जणांनी दुसरी घेतली, तेव्हा कुठे मला माझा आकडा कळला. तोवर कर्ज काढू नका, सरकारी मुद्रा कर्जाच्या शिशू प्रकारात ५०,००० पर्यंत मिळतात हे खरं, पण हप्ता डोक्यावर बसतो आणि ड्रम तीन महिने नुसता आंबत असतो.

एका होमस्टेने ४० लिटर घेतलं आणि पाच महिने "उद्या, परवा" केलं. तेव्हा माझं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) नव्हतं. ते ऑनलाइन आहे, पूर्ण फुकट आहे (पैसे मागणाऱ्या वेबसाइटी खोट्या), आणि ते असलं की २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. पण ते ऑर्डरच्या आधी करायचं असतं, मी नंतर केलं. शेवटी सीझन संपल्यावर अर्धे पैसे आले, आणि बाकीच्या बदल्यात त्यांच्या किचनमधल्या मोसंबीच्या साली दर सोमवारी आमच्या दारात येतात, ताज्या आणि वेगळ्या काढलेल्या, तर तेवढ्यावर मी गप्प बसलेय.