कॅमेऱ्यासाठी परवाना मागितला तर? नियम बदलून घेण्याची मोहीम कशी चालवावी

बागेच्या फाटकावरचा रखवालदार मोबाईलवाल्यांना बिनदिक्कत आत सोडतो आणि गळ्यात कॅमेरा दिसला की हात आडवा घालतो. "मोबाईल चालतो, मोठा कॅमेरा नाही. परमिशन आणा." कोणाची? "ऑफिसातून." कोणत्या ऑफिसातून, हे त्यालाही ठाऊक नसतं. आतमध्ये कुणीतरी त्याच मोबाईलवर फोर-केमध्ये रील शूट करत असतं, ते वेगळंच.

त्या रखवालदाराशी वाद घालू नका. नियम त्याने केलेला नाही आणि तो बदलणं त्याच्या हातातही नाही. भांडण फाटकावर कधीच सुटत नाही. ते सुटतं नियमाच्या मजकुरात, एखाद्या आकड्यात, एखाद्या 'किंवा'मध्ये. याचा धडा न्यूयॉर्कने २००७ मध्ये दिला आणि गंमत म्हणजे त्या प्रकरणाची सुरुवात मुंबईच्या एका माणसापासून झाली.

माहितीपटकार राकेश शर्मा २००५ मध्ये मॅनहॅटनमध्ये हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने रस्त्यावरचं चित्रीकरण करत होते. पोलिसांनी त्यांना अडवलं आणि तासन् तास चौकशी केली. पुढे त्यांनी रीतसर परवाना मागितला, तर तोही नाकारला गेला. न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेच्या मदतीने त्यांनी २००६ मध्ये शहराविरुद्ध दावा लावला. तडजोडीत शहराने लेखी नियम करायचं कबूल केलं, कारण तोवर परवाना कुणाला लागतो आणि कुणाला नाही हे धड कुठे लिहिलेलंच नव्हतं. पण लेखी मसुदा आला तो आगीतून फुफाट्यात टाकणारा. दोन किंवा अधिक माणसं एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कॅमेरा वापरणार असतील, किंवा पाच वा अधिक जण ट्रायपॉड घेऊन दहा मिनिटांहून जास्त थांबणार असतील, तर परवाना हवा आणि सोबत दहा लाख डॉलरचा विमाही. ट्रायपॉड उभा करण्याचा वेळसुद्धा त्या दहा मिनिटांत धरलेला!

पुढे काय झालं ते ओघात येईलच. आता आपल्याकडे हे कसं करायचं ते पाहू.

पहिली पायरी: कागद मिळवा

आपल्याकडच्या निम्म्या 'बंदी'मागे कागदच नसतो. कधीकाळी कुणा साहेबांनी तोंडी सांगितलेलं असतं आणि तेच चालू राहतं. म्हणून आधी जागा कोणाची ते ठरवा. शनिवारवाडा किंवा रायगड असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, बाग असेल तर महापालिकेचा उद्यान विभाग, फलाट असेल तर रेल्वे. रस्त्यावर पोलिसांचा मनाई आदेश दाखवला गेला, तर त्यावरची तारीख आधी वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा (जुनं कलम १४४) आदेश राज्य सरकारने मुदत वाढवली नाही तर दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. ड्रोनचे नियम मात्र वेगळे आणि कडक आहेत. या मोहिमेत ड्रोन मिसळू नका, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वाहून जाईल.

कार्यालय ठरलं की माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कार्यालय महापालिकेचं किंवा राज्य सरकारचं असेल तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवायचा. पुरातत्त्व सर्वेक्षण आणि रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत, तिथले नियम वेगळे आहेत. 'बंदी का घातली?' असं विचारू नका. 'का'चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, त्यामुळे अर्ज तिथेच निकालात निघतो. कागद मागा. मजकूर असा चालेल:

'… उद्यानात छायाचित्रणासाठी पूर्वपरवानगी बंधनकारक करणाऱ्या आदेशाची अथवा ठरावाची प्रत. त्या आदेशात नमूद असलेले कायद्याचे कलम. शुल्काचे मंजूर दरपत्रक. मागील आर्थिक वर्षात या शुल्कापोटी जमा झालेल्या रकमेच्या नोंदवहीची प्रत.'

शेवटची ओळ कधीच गाळू नका. फाटकावर पैसे घेतले जातात आणि नोंदवही कोरी निघते, तेव्हा कार्यालयातल्या बोलण्याचा सूर एकदम बदलतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. राज्यातल्या कार्यालयांसाठी त्यावर वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. 'असा आदेश अभिलेखात आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर मोहीम जवळजवळ तिथेच संपली. त्या उत्तराची प्रत विभागप्रमुखांना जोडा आणि फाटकावरचा बोर्ड काढण्याची लेखी मागणी करा.

दुसरी पायरी: नियमात कोण कोण सापडतं ते दाखवा

आदेश खरोखर असेल तर तो हातात पेन घेऊन वाचा. किती माणसं, किती वेळ, कोणतं उपकरण, 'व्यावसायिक' म्हणजे काय आणि ठरवणार कोण, या शब्दांखाली रेघा ओढा. मग त्या मजकुरात तुमच्या ओळखीची माणसं बसवून बघा. न्यूयॉर्कचा मसुदा शब्दशः लावला तर आईवडील मुलाच्या वाढदिवसाचं बागेत अर्ध्या तासाहून जास्त चित्रीकरण करतील तेही गुन्हेगार ठरत होते. पोलीस त्यांना अडवणार नाहीत, असा बचाव झाला. पण कुणाला अडवायचं ते पोलिसाने मर्जीनुसार ठरवायचं असेल तर तो नियम कसला? एखाद्या दाढीवाल्या परदेशी माणसालाच तो लागू होणार, हे शर्मांच्या अनुभवानंतर वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे 'डीएसएलआर'वर (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर) बंदी आणि मोबाईलला मुभा, हा असाच मजकूर. त्यात पक्षी बघणारे सापडतात, जे. जे.चे विद्यार्थी सापडतात, निवृत्तीनंतर फुलांचे फोटो काढणारे आजोबाही सापडतात. आणि ज्यांच्यामुळे तक्रारी येतात ते मोबाईलवर लग्नाआधीचं शूट उरकणारे सहीसलामत सुटतात.

तिसरी पायरी: पर्यायी मजकूर तुम्हीच लिहून द्या

इथे बहुतेक मोहिमा लंगड्या पडतात. 'जाचक नियम रद्द करा' एवढ्यावर अधिकारी काय करणार? त्याच्या टेबलावर रहिवाशांच्या तक्रारीही असतात आणि त्या खोट्या नसतात. पणजीच्या फोंतान्याशमध्ये जाऊन बघा. रंगीत घराच्या दारात पर्यटक पोझ देत उभे आणि घरमालकाला स्वतःच्याच उंबऱ्यातून बाहेर पडायला वाट नाही. त्या माणसाला 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य' ऐकवून उपयोग नाही. त्याला त्रास कॅमेऱ्याचा नाही, अडवणुकीचा आहे. म्हणून नियमही अडवणुकीला बांधा:

'हातातील अथवा ट्रायपॉडवरील कॅमेऱ्याने छायाचित्रण करण्यास परवानगी लागणार नाही. मात्र वाट अडवणे, दिवे वा जनरेटर लावणे, किंवा इतरांना जागा वापरण्यास मज्जाव करणे आवश्यक असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी.'

न्यूयॉर्कचा २००८ चा अंतिम नियम साधारण याच धर्तीचा झाला. माणसांची आणि मिनिटांची मोजदाद गेली आणि तुम्ही जागा अडवता का, हा प्रश्न आला.

चौथी पायरी: मुदतीच्या आत माणसं गोळा करा

न्यूयॉर्कमध्ये सुनावणी कधी होऊन गेली ते फारसं कुणाला कळलंच नाही. गवगवा झाल्यावर हरकतींची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली. तेवढ्यात 'पिक्चर न्यूयॉर्क' नावाच्या गटाने ३१ हजारांहून अधिक सह्या जमवल्या. शहराने तो मसुदा मागे घेतला.

आपल्याकडे 'हरकती व सूचना' मागवणारी जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात येते. तिच्यावर नजर ठेवणारा एक चिवट माणूस गटात हवाच. एकाच मजकुराच्या पाचशे प्रती गेल्या तर त्या एकाच हरकतीत जमा होतात. त्यापेक्षा पन्नास जणांनी आपापल्या शब्दांत चार-चार ओळी लिहाव्यात आणि प्रत्येकाने प्रतीवर आवकचा शिक्का घ्यावा. ईमेल पाठवा, पण शिक्क्याचा कागद असू द्या. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो. गटात फोटोग्राफरच नकोत. बागेबाहेरचा भेळवाला, सकाळी चालायला येणारं मंडळ, कॉलेजातले प्राध्यापक, सगळे हवेत. नगरसेवकाला भेटायचं तर निवेदनासोबत पर्यायी मजकूर न्या, म्हणजे त्याला सभागृहात नुसतं वाचून दाखवता येईल.

रस्त्यावर उतरायचंच असेल तर लंडनचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली ब्रिटिश पोलीस विनासंशय झडती घेत आणि फोटोग्राफर त्यात वारंवार सापडत. २३ जानेवारी २०१० रोजी ट्राफल्गार चौकात शेकडो फोटोग्राफर कॅमेरे घेऊन जमले. 'मी फोटोग्राफर आहे, दहशतवादी नाही' एवढंच त्यांचं म्हणणं. त्याच महिन्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने कलम ४४ च्या झडत्यांविरुद्ध निकाल दिला होता आणि जुलैमध्ये गृहमंत्र्यांनी तो अधिकार थांबवला. श्रेय अर्थात निकालाचं, पण चौकातली ती गर्दी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. मुंबईत निदर्शनं आझाद मैदानापुरतीच होतात, म्हणून १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी, लहान गटांचा फोटोवॉक काढणं सोयीचं. पोलीस ठाण्याला आधी पत्र द्या आणि फुटपाथ मोकळा ठेवा. तुम्हीच वाट अडवलीत तर तिसऱ्या पायरीवरचा सगळा युक्तिवाद गेलाच म्हणून समजा.

पाचवी पायरी: कोर्ट

थोडक्यात सांगायचं तर, शेवटी. घटनेचं कलम १९(१)(क), म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, पाठीशी आहे, पण वकील, वेळ आणि पैसा तिन्ही लागतात. जुने निकाल मात्र निवेदनात जरूर वापरा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. ठाण्याची ही गत, तर बागेतल्या कारंज्याचं काय गुपित असणार?

सहावी पायरी: आदेश फाटकापर्यंत पोचवा

जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने केंद्रीय संरक्षित वास्तूंच्या आवारात छायाचित्रणाला मुभा दिली. अपवाद तीनच: अजिंठ्याची भित्तिचित्रं, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली कबर. तरीही 'कॅमेरा नाही' हे उत्तर पुढेही ऐकू येतच राहिलं, कारण दिल्लीत निघालेला आदेश कंत्राटी रखवालदाराच्या हाती मराठीत कुणी दिलेला नसतो. म्हणून जिंकल्यावर आदेशाची मराठी प्रत फाटकावर लावून घ्या आणि एक लॅमिनेट करून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा.

आणखी एका गोष्टीवर लक्ष असू द्या. न्यूयॉर्कच्या नव्या नियमांत ज्यांना परवान्याची गरज नाही, त्यांनाही हवा असल्यास 'ऐच्छिक' परवाना मिळण्याची सोय आहे. तशी सोय इथल्या मसुद्यात आली तर 'परवाना नसल्याच्या कारणावरून कोणासही अडवता येणार नाही' ही ओळ त्याच परिच्छेदात घालून घ्या. नाहीतर सहा महिन्यांत रखवालदार तोच ऐच्छिक परवाना मागू लागेल.