अनुभवातली युक्ती दुसऱ्याला सांगताना

आजारपणात किंवा अपंगत्वात रोजची कामे करताना आपल्याला सापडलेली युक्ती दुसऱ्याच्या उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर आधी आपली अडचण नेमकी सांगावी. ‘हात चालत नाही’ एवढे पुरेसे नसते, कोणता हात आणि बोटांची पकड कितपत, हेही सांगावे. मग कृती क्रमाने मांडावी. उदाहरणार्थ, पक्षाघातानंतर सदरा घालताना बसून, तो मांडीवर पसरून, अशक्त हात आधी बाहीत घालून बाही खांद्यापर्यंत ओढावी आणि मगच चांगला हात घालावा. काढताना मात्र चांगला हात आधी मोकळा करावा. हा उलटा क्रम सांगायचा राहिला, तर ऐकणारा बाहीतच अडकतो. औषधाची मात्रा कधीही सुचवू नये. आपल्याला काय जमले नाही, तेही मोकळेपणाने सांगावे. त्याने दुसऱ्याचे कितीतरी कष्ट वाचतात.