समोर ताट ठेवण्याआधी: कॅनडात खाण्याच्या विकारांवर काम करायला येणाऱ्या डाएटिशियनसाठी

कॅनडाला यायचं ठरलं की आपल्याकडचे डाएटिशियन आधी परीक्षा आणि नोंदणीबद्दल विचारतात. ते सांगणारे भरपूर आहेत, म्हणून थोडक्यात उरकते: दर प्रांताची नियामक संस्था वेगळी, भारतातली एमएससी जशीच्या तशी चालत नाही, पदवी तपासून घ्यावी लागते, बहुतेकांना वरचा एखादा अभ्यासक्रम करावा लागतो आणि मग परीक्षा. मला बोलायचंय ते त्यापुढचं. मी उत्तर ऑन्टारिओत खाण्याच्या विकारांवर काम करते आणि आमच्याकडे फर्स्ट नेशन्सची, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजांची, मुलंमुली बरीच येतात.

आपलं मुख्य हत्यार म्हणजे देखरेखीखालचं जेवण. ठरलेली वेळ, मोजलेलं ताट, समोर कर्मचारी, ताट संपेपर्यंत उठायचं नाही, नंतर काही वेळ बाथरूम बंद, खाल्लेलं उलटून टाकू नये म्हणून. ॲनोरेक्सियात, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजारात, यानं जीव वाचतात, त्याबद्दल वाद नाही. पण याच देशात सुमारे दीड लाख मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून रेझिडेन्शियल स्कूलमध्ये, म्हणजे निवासी शाळांत, ठेवलं होतं, आणि त्यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे ही कालपरवाचीच गोष्ट. अन्न अपुरं असायचं, कधी नासकं. उलटी झाली तर तीच परत खायला लावायचे, असं तिथे शिकलेल्यांनी या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सामंजस्य आयोगाला सांगितलं. तुमच्यासमोर बसलेल्या मुलीची आजी त्यांच्यातली असू शकते. ‘संपव, मग ऊठ’ हे तुम्ही कितीही गोड आवाजात म्हणा, त्या घरात ते वाक्य आधीच पोचलेलं असतं.

त्यात आपल्या पेशाचे हातही स्वच्छ नाहीत. १९४२ मध्ये कॅनडाचे पहिले अधिकृत आहारनियम आले. त्यामागचे पोषणतज्ज्ञ लायोनेल पेट यांनीच १९४८ ते १९५२ या काळात सहा रेझिडेन्शियल स्कूलमधल्या सुमारे हजार मुलांवर पोषणाचे प्रयोग चालवले. मुलं उपाशी आहेत हे माहीत असूनही! एका शाळेत तर तुलनेसाठी दोन वर्षं दूध मुद्दाम कमीच ठेवलं. इयन मॉस्बी या इतिहासकारानं २०१३ मध्ये हे कागदपत्रांतून उजेडात आणलं. म्हणून आहाराचा तक्ता घेऊन आलेल्या माणसाकडे एखादी आजी संशयानं बघत असेल, तर केसपेपरवर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहायची घाई करू नका.

आमच्याकडे देखरेखीचं जेवण बंद केलेलं नाही, त्याचा बाज बदललाय. समोर बसणारा स्वतःही जेवतो. शक्य असेल तेव्हा मावशी किंवा आजी ताटावर असते. बाथरूम का बंद आणि किती वेळ, हे पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर सांगतो.

चाचणीच्या प्रश्नांकडेही नीट बघा. खाण्याच्या विकाराची शंका पडताळणाऱ्या स्कॉफ नावाच्या पाच प्रश्नांच्या चाचणीत एक प्रश्न आहे: अन्नानं तुमच्या आयुष्याचा ताबा घेतलाय असं वाटतं का? जिथे सामान विमानानं येतं, दूध-भाजी शहराच्या कितीतरी पट महाग पडते, तिथे ‘हो’ हे उत्तर आजाराचंही असेल, महिनाअखेरीचंही असेल. दोन्ही एकदम असू शकतं, हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ शहरातल्या मोफत शिधा केंद्रांवर येणाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास वाचा: जिथे अन्नाची चणचण सर्वांत जास्त, तिथेच खाण्याचे विकारही जास्त दिसले. हा श्रीमंत गोऱ्या मुलींचा आजार, हे डोक्यातून काढलेलं बरं. काय खाता याआधी विचारा: पैसे आल्यावर पहिल्या आठवड्यात काय खाता आणि शेवटच्या आठवड्यात काय?

मग ताटात काय वाढायचं? मूस या मोठ्या हरणाचं मांस, वॉलआय मासा, जंगली तांदूळ, बॅनक नावाची जाड रोटी हे तिकडचं वरण-भात. तपासणी न झालेलं शिकारीचं मांस रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सहसा चालत नाही, पण उत्तर ऑन्टारिओतल्या सू लुकआउट गावच्या ‘मेनो या विन’ रुग्णालयानं मिइचिम हा कार्यक्रम सुरू करून ते रुग्णांच्या ताटापर्यंत आणलं. तेव्हा ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर लगेच मान्य करू नका. मात्र सगळ्यांना एकाच मापात मोजू नका. इन्युइट हे आर्क्टिकमधले वेगळे मूळनिवासी; त्यांच्या घरचं जेवण म्हणजे सील, कॅरिबू हरीण, आर्क्टिक चार मासा. शहरात वाढलेल्या, फर्स्ट नेशन्सपैकी क्री समाजाच्या मुलीला कदाचित पिझ्झाच हवा असेल. तिच्या ताटात बळंच संस्कृती वाढू नका.

ओजिब्वे (हाही फर्स्ट नेशन्सपैकीच) किंवा क्री एल्डरकडे, म्हणजे समाजातल्या मानाच्या ज्येष्ठाकडे, काही मागायला जाताना तंबाखू देतात. आधी तिथल्या माणसाला रीत विचारून घ्या. (दवाखान्याच्या कामासाठी तंबाखू विकत आणते हे आईला फोनवर समजावताना माझी पुरेवाट झाली.) इन्युइटांकडे ही प्रथा नाही. एल्डर उपचाराच्या बैठकीला आले तर त्यांना तुमच्यासारखंच मानधन मिळायला हवं. हे बैठक ठरवतानाच बघा, नंतर कुणी बघत नाही.

तयारीसाठी अल्बर्टा विद्यापीठाचा ‘इंडिजिनस कॅनडा’ हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम भारतात बसूनही करता येतो. मुलाखतीत तुम्हीही विचारा: रुग्णासोबत घरचं कोण येऊ शकतं, आणि घरी परतल्यावर फोनवर कोण असतं? खास उपचाराची बहुतेक केंद्रं दक्षिणेच्या शहरांत आहेत. शेकडो किलोमीटर दूर एकटी आलेली मुलगी उपचार अर्धवट सोडू शकते.

पैशाचं कोडं इथे फार लवकर शिकावं लागतं. केंद्र सरकारची एनआयएचबी ही आरोग्यखर्चाची योजना फर्स्ट नेशन्स आणि इन्युइटांना प्रवास आणि समुपदेशनाचा खर्च अटींसह देते. फर्स्ट नेशन्सच्या मुलांसाठी जॉर्डनचं तत्त्व आहे. नॉर्वे हाउस क्री नेशनच्या जॉर्डन रिव्हर अँडरसनच्या घरच्या शुश्रूषेचा खर्च कुणी करायचा यावर केंद्र आणि मॅनिटोबा सरकार भांडत राहिले आणि २००५ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो रुग्णालयातच गेला. आधी सेवा द्या, हिशेब नंतर करा, हे संसदेनं २००७ मध्ये ठरावानं मान्य केलं. अर्जासोबत ही सेवा या मुलाला का लागते हे सांगणारं तज्ज्ञाचं पत्र जोडतात. ते पत्र बऱ्याचदा तुम्हालाच लिहावं लागेल. मुलगी दाखल व्हायच्या आधीच त्याचा मसुदा तयार ठेवा आणि त्यात आजीच्या प्रवासाचा खर्चही मागा.