औंसाचे आणे, पौंडाचे किलो

न्यू जर्सीहून रात्री अडीचला लेकीचा फोन आला. "आई, मुलगी झाली! सात पौंड चार औंस!" रडायचं सोडून मी विचारलं, "म्हणजे किलोत किती गं?" तिला कुठलं तेव्हा सुचायला. मग मीच कॅलेंडरच्या मागे ७.४ लिहिलं, मोबाइलवर गुणाकार केला आणि सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दूधवाल्यापासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना सांगितलं, तीन किलो साडेतीनशेच्या वर आहे हो.

चहाच्या वेळी नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कागद बघितला. वय ९१, पण हिशेब रविवार पेठेतल्या भुसार दुकानात पक्का झालेला. म्हणाले, "सुनबाई, सात पूर्णांक चार कुठून आणलंस? रुपयाचे आणे सोळा, तसे पौंडाचे औंस सोळा. चार औंस म्हणजे पावली. बाळ सव्वासात पौंडाचं आहे."

सव्वासात म्हणजे ७.२५. त्याचे होतात ३ किलो २८९ ग्रॅम. नातीचं वजन मी बसल्या जागी ६८ ग्रॅमनी वाढवून ठेवलं होतं.

तर पहिली गोष्ट हीच. पौंड आणि औंस एकत्र दिसले की मध्ये टिंब देऊन लिहायचं नाही. चार औंस पाव, आठ औंस अर्धा, बारा औंस पाऊण. अधलेमधले आकडे आले तर नानांची युक्ती वापरा: १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा एका आण्याचे सव्वासहा पैसे धरत, तसेच इथेही धरायचे. ३ पौंड ६ औंस म्हणजे तीन रुपये सहा आणे, म्हणजे तीन रुपये साडेसदतीस पैसे, म्हणून ३.३७५ पौंड. ज्यांनी आणे पाहिलेच नाहीत त्यांनी औंसाला सरळ १६ ने भागावं.

आता पौंडाचे किलो. तोंडी करायचं असेल तर निम्मे करा आणि त्या निम्म्यातून दहावा हिस्सा काढा. २० पौंडांचे निम्मे १०, त्यातून १ गेला, ९ किलो. खरं उत्तर ९.०७ येतं. या रीतीत किलोमागे आठेक ग्रॅम कमी भरतात. बॅगेला, बटाट्यांना चालतं. बाळाचं वजन किंवा औषधाचा डोस असेल तर मात्र ०.४५३६ नेच गुणा. किलोचे पौंड करताना उलटं: दुप्पट करा आणि त्यात दुपटीचा दहावा हिस्सा मिळवा. २३ किलोचे ४६ अधिक ४.६, झाले ५०.६. विमान कंपन्यांच्या तिकिटावर २३ किलो आणि ५० पौंड शेजारी शेजारी का छापलेले असतात, ते यावरून कळेल.

गंमत म्हणजे पौंडाची व्याख्याच आता किलोवरून आहे. १९५९ पासून एक पौंड म्हणजे बरोबर ०.४५३५९२३७ किलो. म्हणजे अमेरिका पौंड-पौंड करते खरी, पण तो मोजते किलोनेच!

बॅगेचं निघालंच आहे तर माझी फजिती ऐका. बारशाला जाताना नवा लटकवायचा डिजिटल काटा आणला. बॅग उचलली, आकडा २३. झाली की भरून! भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, बाकरवडीची चार पाकिटं, सगळं बाहेर काढून ठेवलं. हे म्हणाले, "हलकी वाटतेय गं." मी म्हटलं, "तुम्ही हल्ली तळजाईवर चालायला जाता ना, म्हणून." मुंबईच्या विमानतळावर काउंटरवर आकडा आला १०.४. काट्याच्या बाजूला एक बारीक बटण असतं, ते पौंडावर होतं. तेव्हा काटा कुठलाही असो, आधी त्यावर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली ठेवा. आकडा एकाच्या जरा वर आला तर काटा किलोत आहे, सव्वादोनच्या आसपास आला तर पौंडात.

स्वयंपाकघरात औंसाला २८ ग्रॅम धरले की पुरे (नेमके २८.३५). पण तिथे दुसराच चकवा आहे. तिकडे पातळ पदार्थही औंसात मोजतात, आणि तो औंस मापाचा असतो, वजनाचा नव्हे. लेकीच्या केकमध्ये "आठ औंस मध" होता. मी काट्यावर २२७ ग्रॅम घेतला. तिला म्हणायचा होता आठ औंसांचा कप, आणि कपभर मध भरतो ३४० ग्रॅम, कारण मध पाण्यापेक्षा जड. केक असा कोरडा झाला की शेवटी दुधात बुडवून संपवला. दूध, पाणी असेल तर फारसा फरक पडत नाही. मध, काकवी, तेल असेल तर विचारून घ्या.

इंग्लंडातले नातेवाईक स्वतःचं वजन स्टोनमध्ये सांगतात. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, साधारण ६.३५ किलो. टनांच्या भानगडीत मी पडत नाही.

सोन्याचं मात्र सांगायलाच हवं. बातम्यांत डॉलरमध्ये जो औंसाचा भाव येतो तो औंस निराळा, ३१.१ ग्रॅमचा. त्याला २८ ने भागलंत तर ग्रॅमचा भाव उगाच चढा दिसेल. आणि आपला तोळाही दोन तऱ्हांचा आहे. लक्ष्मी रोडवर आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. सासूबाईंच्या लग्नातल्या पाटल्यांची पावती १९५५ ची, त्यावर "तोळे ३". नातीला काही करावं म्हणून मागच्या महिन्यात त्या वजन करायला नेल्या, तर काट्यावर ३४.६ ग्रॅम. मला वाटलं, सराफाचाच काटा बिघडला. नाना खुर्चीतूनच म्हणाले, "पस्तीसला चार दशांश कमी ना? बरोबर आहे. तेवढं तिनं पोळ्या लाटताना झिजवलं."