सपाट मुलखात सायकलने दिवसभराची फेरी कशी करावी : द्रेन्थचे कालवे, कुरणे आणि माळरान

नेदरलँड्सच्या ईशान्येकडील द्रेन्थ प्रांत सायकलस्वाराला वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. चढ नाही, घाट नाही, रस्ते गुळगुळीत आहेत आणि सायकलींना बहुतेक ठिकाणी स्वतंत्र वाट आहे. सिंहगड किंवा कसारा घाट चढलेल्या मराठी माणसाला इथले साठ किलोमीटर किरकोळ वाटतात आणि तिथेच त्याची फसगत होते. घाटाला निदान माथा असतो आणि माथ्यानंतर उतार मिळतो. सरळसोट कालव्याच्या काठाने समोरून येणारा वारा मात्र वीस-पंचवीस किलोमीटर तसूभरही हटत नाही. म्हणून या प्रदेशात आधी वारा पाहावा, मग वाट ठरवावी आणि बाकीची सगळी तयारी त्यानंतर करावी.

वाऱ्यावरून वाट आखणे

निघण्याच्या आदल्या रात्री हवामानाचा तासागणिक अंदाज पाहावा आणि त्यात पावसापेक्षाही वाऱ्याची दिशा व जोर यांकडे लक्ष द्यावे. इथे जोर बहुधा बोफोर्ट मापात, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या ० ते १२ अशा पायऱ्यांत सांगतात : ३ पर्यंतचा वारा सुखाचा, ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, आणि ५ असेल तर नवख्याने वाट निम्म्याने कमी करावी, असे माझे मत आहे. नैर्ऋत्येचा वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा वारा, हेही मनात पक्के असावे, कारण घाईत नकाशा पाहताना नेमका इथेच उलट अर्थ लावला जातो. हवेचा अडथळा सायकलस्वाराला लागणाऱ्या वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा पडलेला असताना आपण ताशी २० किलोमीटरने जात असू आणि तेवढ्याच वेगाचा वारा समोरून सुटला, तर त्याच गतीसाठी चौपट अडथळा कापावा लागतो. डच लोकांनी या त्रासाचीच स्पर्धा केली आहे : झीलँडमधील ओस्टरस्खेल्डे बांधावर, वादळी वारा असेल त्या दिवशी, बिनगिअरच्या साध्या सायकलींवर समोरच्या वाऱ्यात साडेआठ किलोमीटर चालवायचे असते.

नियम एवढाच की जाताना वारा तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर. मी पहिल्या वर्षी नेमके उलटे केले. एप्रिलमधल्या एका सकाळी ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन मी आसेन शहरातून कालव्याकाठाने पाऊण तासात डीव्हरब्रुख गावाला पोहोचलो. आपण फार तयारीचे सायकलस्वार झालो आहोत, असा माझा समज झाला आणि त्याच वाटेने परत फिरलो. परतीला पावणेदोन तास लागले. शेवटच्या टप्प्यात मी किलोमीटर मोजणे सोडून काठावरची झाडे मोजत होतो.

या देशात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. त्यासाठी पुढील फेरी सोयीची आहे : आसेनहून द्रेन्त्से होफ्डफार्ट या कालव्याच्या काठाने नैर्ऋत्येला स्मिल्डे आणि होखरस्मिल्डेवरून डीव्हरब्रुखपर्यंत जावे, तिथून पूर्वेला वळून ड्विंगेलो गाव आणि ड्विंगेल्डरफेल्डचे माळरान ओलांडावे, मग स्पीर, बाइलेन आणि होखहालेनवरून उत्तरेला आसेनकडे परतावे. ही फेरी सुमारे साठ किलोमीटरची होते आणि कष्टाचा भाग ताज्या पायांनी आधीच उरकतो. वारा पूर्वेचा किंवा ईशान्येचा असेल तर गोल फेरीचा हट्ट धरू नये. आसेनहून निघून कालव्याच्या काठाने थेट मेपलपर्यंत वाऱ्यासोबत जावे आणि परतताना आगगाडी पकडावी.

नकाशा आणि क्रमांक

इथे वाट शोधायला फोनची फारशी गरज पडत नाही. सायकलवाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला क्रमांक दिलेला असतो, त्याला डच भाषेत क्नोपपुंट म्हणतात. प्रत्येक क्रमांकापाशी नकाशाचा फलक असतो आणि पुढच्या क्रमांकाकडे नेणाऱ्या बाणाच्या पाट्या असतात. ही पद्धत शेजारच्या बेल्जियममधील लिम्बुर्ग प्रांतात १९९५ साली सुरू झाली. कोळशाच्या खाणींतील बोगद्यांच्या नाक्यांना क्रमांक देत असत, त्यावरून एका खाण अभियंत्याला ही कल्पना सुचली. घरी नकाशावरून आपल्या वाटेतले क्रमांक ओळीने एका कागदाच्या पट्टीवर ठळक लिहावेत आणि ती पट्टी पारदर्शक चिकटपट्टीने सायकलच्या आडव्या नळीवर, हँडलच्या जवळ चिकटवावी. पावसात शाई पसरू नये म्हणून शिसपेन्सिल वापरावी. सायकल चालवताना फोन हातात धरणे १ जुलै २०१९ पासून दंडनीय आहे, म्हणूनही ही पट्टी सोयीची पडते.

सायकल आणि सामान

टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे असावेत. कालव्याकाठी डांबर असले तरी गावांतून विटांचे रस्ते लागतात आणि माळरानावर काही वाटा कुटलेल्या शिंपल्यांच्या आहेत, त्यांवर अरुंद आणि दगडासारखा फुगवलेला टायर हातांना मुंग्या आणतो. सोबत एक जास्तीची ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, हातपंप, वाऱ्याला अडवणारे पातळ जॅकेट आणि दोन बाटल्या पाणी घ्यावे. कालव्याचे पाणी पिण्याजोगे नसते आणि रविवारी खेड्यातली दुकाने बंद असू शकतात. खाण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की उत्तम : खिशात मावते आणि थंडीत हातमोजे न काढता खाता येते. घंटी कायद्याने आवश्यक आहे. दिवा अंधारात आणि धुक्यात लागतोच, पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल.

उजवीकडून चालण्याची सवय

भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाने पहिला अर्धा तास याच एका गोष्टीला द्यावा. वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे. थकल्यावर जुनी सवय उसळून वर येते, तेव्हा परतीच्या टप्प्यात विशेष जपावे. कोणतीही खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, तो सायकलवर असला तरी. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली असते, तिला डच लोक शार्कचे दात म्हणतात. त्रिकोणांची टोके आपल्याकडे असतील तर आपण थांबून वाट द्यायची. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल दिसली की ती वाट घेणे बंधनकारक आहे, आपली सायकल कितीही वेगाची असली तरी. वळण्याआधी हात दाखवावा.

कालव्याच्या काठाने

द्रेन्त्से होफ्डफार्ट हा आसेन आणि मेपल यांना जोडणारा कालवा आहे. दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर म्हणजे पीट. तो कापून आणि वाळवून जळण म्हणून या कालव्यातून शहरांकडे होड्यांनी नेत. स्मिल्डेसारखी गावे याच धंद्यावर कालव्याच्या दोन्ही काठांनी लांबट वसली, म्हणून गाव संपता संपत नाही. एका काठाने मोटारींचा मुख्य रस्ता जातो. दुसऱ्या काठाला शांत रस्ता मिळेल तिथे तो घ्यावा.

वाऱ्यात वेगमापकाकडे पाहू नये, श्वासाकडे पाहावे. एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे. तेवढ्या कष्टात जी गती मिळेल ती त्या दिवसाची गती. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवावेत आणि कोपर वाकवून छाती खाली घ्यावी. दोघे असतील तर पाच-पाच मिनिटांनी पुढे-मागे व्हावे, मागच्याला आडोसा मिळतो. वारा तिरका असेल तर मागच्याने अगदी पाठीमागे न राहता, वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला किंचित सरकावे. मात्र कालव्याला कठडा नसतो, त्यामुळे पाण्याच्या बाजूला सरकण्यापेक्षा आडोसा सोडलेला बरा. दोन घरांमधल्या मोकळ्या जागेतून वाऱ्याचा झोत अचानक येतो. त्याची चाहूल पाण्यावरच्या लहरींवरून आणि वाकलेल्या बोरूवरून आधी लागते, तेवढ्यात हँडल दोन्ही हातांनी धरावे. लाकडी पूल ओला असेल तर त्यावर ब्रेक लावू नये. शरद ऋतूत बटाटे आणि बीट काढताना ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेला चिखल साबणासारखा निसरडा असतो, तिथे उतरून चालण्यात कमीपणा नाही.

कुरणे आणि माळरान

वसंतात ओल्या कुरणांत काळ्या शेपटीचा गॉडविट घरटे करतो. डच लोक त्याला ख्रुतो म्हणतात आणि तो त्यांचा राष्ट्रीय पक्षी आहे. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला दिसतात, फक्त तिथे त्यांची पिसे राखाडी असतात. इथे मान आणि छाती विटकरी झालेला ख्रुतो कुंपणाच्या खांबावर उभा राहून ओरडतो, तेव्हा मला दर वेळी थांबावेसे वाटते. पण तो ओरडतो तो पिल्ले जवळ असल्यामुळे, म्हणून थोडा वेळ पाहून पुढे निघावे आणि वाट सोडून गवतात शिरू नये.

ड्विंगेल्डरफेल्ड हे पाणथळ माळरान राष्ट्रीय उद्यान आहे. हेदर हे माळावरचे बुटके झुडूप ऑगस्टमध्ये फुलते तेव्हा सगळे माळ जांभळे होते. त्या दिवसांत गर्दी टाळायची असेल तर आठच्या आत पोहोचावे. मेंढ्यांचा कळप वाटेवर आला तर थांबावे, घंटी वाजवू नये. गुरांना अडवण्यासाठी वाटेत लोखंडी गजांची जाळी बसवलेली असते, ती पेडल न मारता अगदी सरळ रेषेत ओलांडावी. तिरके गेल्यास चाक घसरते. उन्हाच्या दिवशी विषारी ॲडर साप वाटेवर अंग शेकत पडलेले असतात आणि दुरून ते काटकीसारखेच दिसतात, तेव्हा काटक्यांवरूनही सायकल घालू नये. माळाच्या कडेला १९५६ साली सुरू झालेल्या रेडिओ दुर्बिणीची २५ मीटर व्यासाची जाळीदार थाळी उभी आहे. तिथे थांबून पाणी प्यावे, कारण इथून वारा पाठीशी येऊ लागतो.

परत आल्यावर

सायकल गाडीने न्यायची असेल तर तिचे वेगळे तिकीट काढावे. जुलै आणि ऑगस्ट वगळता सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६:३० या वेळांत राष्ट्रीय रेल्वेच्या गाड्यांत घडी न केलेली सायकल चालत नाही, म्हणून परतीची वेळ त्याआधीची किंवा नंतरची धरावी. शिंपल्यांची पांढरी भुकटी चेनमध्ये बसते, ती त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेल घालावे. आणि अंघोळीच्या वेळी गुडघ्यांच्या मागे, काखेत, जांघेत व केसांच्या कडेला गोचीड चिकटली आहे का, ते नीट पाहावे. माळावरच्या गोचिडींमुळे लाइम रोग होऊ शकतो. गोचीड दिसल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती लाल वर्तुळ पसरू लागले किंवा ताप आला, तर ती तारीख घेऊन डॉक्टरांकडे जावे.