नवरा घरात नसेल तर रेशन कार्ड आपल्या नावावर कसं करायचं

धुणीभांडी, पोळ्या, बिगारी काम असं रोजचं कमवून एकटीनं घर चालवणाऱ्या बायकांसाठी लिहितेय. मी चार घरची कामं करते, त्यातलं एक घर मे महिन्यात गावाला जातं आणि तेवढा पगार कापतं, की पहिली कात्री डाळीला आणि दुधाला. म्हणून निदान गहू-तांदूळ तरी पक्का पाहिजे.

पहिलं म्हणजे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई हीच रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असते. खिडकीवर "मालकांना घेऊन या" म्हणाले तर हे सांगायचं, न लाजता. मला माहीत नव्हतं म्हणून तीन हेलपाटे झाले, तीन खाडे पडले.

खरी गोची असते ती नाव सासरच्या कार्डावर असतं ही. एक आधार दोन कार्डांवर चालत नाही, त्यामुळे आधी तिथून तुमचं आणि पोरांचं नाव कमी केल्याचा दाखला लागतो. सासरचे कार्ड हातात देत नसतील तर निदान त्याचा १२ अंकी नंबर काढा, मेरा राशन ॲपवर आधार टाकलं की दिसतो. मग तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत असाल तर शिधावाटप ऑफिसात, नवीन कार्डाचा अर्ज. आधार, उत्पन्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा. घरमालक भाडेकरार देत नाही हे तर सगळीकडचंच दुखणं, तेव्हा त्याचं संमतीपत्र आणि लाइट बिल चालतं का ते विचारा. आणि काहीही झालं तरी शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

कार्ड केशरी मिळालं म्हणून लगेच खुश होऊ नका, त्यावर "प्राधान्य कुटुंब" शिक्का आहे का बघा, नाहीतर धान्य येतच नाही. त्याची उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ५९,००० आणि गावात ४४,०००, म्हणजे शहरात महिन्याला पाच हजाराच्याही आत, आता ह्यात कोण बसतं ते सरकारलाच ठाऊक. प्राधान्यमध्ये माणशी ५ किलो, आम्हा तिघांचं १५ किलो होतं आणि वीसेक दिवसांत डबा वाजायला लागतो. पण विधवा असाल आणि कुणाचा आधार नसेल तर अंत्योदयसाठी, म्हणजे सगळ्यात गरीब घरांसाठीच्या कार्डासाठी, अर्ज करा, तिथं माणसं कितीही असोत कार्डामागं ३५ किलो. दोन्हीकडं जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट आहे, दुकानदारानं पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, मशीनची पावती मागायची आणि १९६७ वर फोन करायचा.

ऊसतोडीला किंवा बांधकामाला दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी कर्नाटकात गेलात तरी तेच कार्ड तिथल्या दुकानात चालतं. म्हातारी आई गावी असेल तर थोडं धान्य तिकडं, उरलेलं इकडं असंही उचलता येतं, फक्त आधार कार्डाला जोडलेलं पाहिजे.

आता अंगठ्याचं. भांड्याच्या पावडरीनं आमची बोटं इतकी गुळगुळीत झालेली असतात की मशीन ओळखतच नाही. सकाळची भांडी घासून थेट रेशनला जाऊ नका, हात कोरडे करून जा, दुसरं बोट लावून बघा, मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी मागा. मी तर आता पोरीलाच नेते, तिचं नाव कार्डावर आहेच, तिचा अंगठा एका फटक्यात लागतो.