'काहीच घडत नाही' अशा कादंबऱ्या कशा वाचायच्या

एक घर, दोन भावंडं, एक जुनी मैत्री, एक लग्न जे धड टिकतही नाही आणि मोडतही नाही, आणि एवढ्यावर चारशे पानं. अशा कादंबऱ्यांबद्दल "पन्नास पानं वाचली, काही घडेचना, दिली सोडून" हे मी इतक्यांदा ऐकलंय आणि दरवेळी खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा पुस्तक चांगलं असतं, फक्त ते रहस्यकथेच्या स्पीडने वाचलेलं असतं. मी पण हेच केलंय. एक कादंबरी तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा साठाव्या पानाच्या आसपास बंद केली. चौथ्यांदा ती वाचली बाबा आजारी असताना, रात्री त्यांच्या उशाशी बसून, घाई कसलीच नव्हती म्हणून एकेक ओळ वाचत गेले, आणि तेव्हा लक्षात आलं की आधी मी सगळा वेळ "पुढे काय" शोधत होते आणि जे काही घडत होतं ते त्यातल्या दोन माणसांच्या बोलण्यातच घडत होतं.

तर आधी पुस्तक निवडायचं कसं. बेस्टसेलर यादी बाजूला ठेवा, सध्या तुमच्या डोक्यात कोणतं नातं घोळतंय ते बघा. बहिणीशी अबोला असेल तर बहिणींची कादंबरी घ्या, जुना मित्र दुरावला असेल तर मैत्रीची. (घरात कोणी नुकतंच गेलं असेल तर त्याच विषयाचं पुस्तक लगेच घेऊ नका, थोडे महिने जाऊ द्या.) मग मधलंच एखादं संवादाचं पान उघडा आणि कोण बोलतंय ती नावं झाकून वाचा. नुसत्या बोलण्यावरून दोन माणसं वेगळी ओळखू आली तर पुस्तक घ्या. सगळे एकाच आवाजात बोलत असतील तर लेखकाला माणसं दिसलेली नाहीत, मग तुम्हाला तरी कशी दिसणार.

सुरुवातीला एक कोरा कागद जवळ ठेवाच. नावं लिहा आणि पुढे नातं लिहा, पण आपल्या मराठी शब्दात, ही खरी गंमत आहे. टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना' घ्या, 1875 ते 77 मध्ये मासिकातून क्रमशः आलेली. तिच्यात नावांचा गोंधळ होतो म्हणून लोक सोडतात. पण रशियन नावात मधलं नाव बापाचं असतं, स्तेपान अर्काद्यिच आणि अ‍ॅना अर्काद्येव्हना म्हणजे दोघं एकाच अर्कादीची मुलं, सख्खे बहीणभाऊ. आता स्तेपानची बायको डॉली, म्हणजे अ‍ॅना आणि डॉली झाल्या नणंद-भावजय! नवऱ्याने फसवलंय म्हणून घर सोडायला निघालेल्या भावजयीची समजूत काढायला नणंद येते, असं कागदावर लिहिलं की तो प्रसंग एकदम आपल्या घरातला वाटायला लागतो, नुसतं "नवऱ्याची बहीण" म्हणून ते होत नाही. आणि ही अ‍ॅना, जिच्या नावाचं पुस्तक आहे ती, पहिल्या भागाच्या अठराव्या प्रकरणात येते. आधीची सतरा प्रकरणं इतरांचीच. त्यामुळे पन्नास पानांवर निकाल देऊ नका, निदान सगळी मुख्य माणसं आत येईपर्यंत थांबा.

आता मुख्य मुद्दा, वाचताना नक्की बघायचं काय. समजा असा एक प्रसंग आहे, मी आत्ताच रचतेय. आई गेल्यावर दोघी बहिणी तिचं कपाट आवरतायत. मोठी म्हणते, "ही शाल तू घे, तुला लागेल." धाकटी म्हणते, "राहू दे गं, तुझ्याकडेच बरी." मोठी शालीची घडी घालते, वाकडी होते, उलगडते, परत घालते. मग धाकटी विचारते, "तुझी गाडी कितीची आहे?" संपला प्रसंग.

घाईत वाचलं तर कपाट आवरलं, एवढंच कळलं. हळू वाचलं तर प्रश्न पडायला लागतात. आईजवळ शेवटपर्यंत कोण होतं? गाडीने परत जाणारी मोठीच आहे, म्हणजे जवळ राहिली ती धाकटी. मग "तुला लागेल" हे देणं आहे की मी नव्हते याची भरपाई? धाकटी नको म्हणते ती मनापासून की राग धरून? घडी दोनदा का घालते, हात तरी कशात तरी गुंतवायचे म्हणून ना? आणि गाडीचा प्रश्न, तो "जा आता" आहे की "अजून थोडी थांब" आहे? हे लेखक सांगणार नाही. पण चाळीस पानं मागे मोठीने न उचललेल्या फोनची एक ओळ येऊन गेलेली असते, ती तुम्हाला आठवली पाहिजे. म्हणून पेन्सिल हातात ठेवा आणि कोणी विषय बदलला, कोणी उत्तरच दिलं नाही, एखादी वस्तू परत आली, की समासात नुसती रेघ मारा. बाकी नोट्स काढत बसू नका, रस जातो.

हाक कशी मारतात तेही बघा. एलेना फेरान्तेच्या 2011 ते 2014 मध्ये आलेल्या चार कादंबऱ्या दोन मैत्रिणींच्या आहेत. त्यातल्या राफाएल्लाला सगळे लीना म्हणतात, फक्त तिची मैत्रीण एलेना तिला लीला म्हणते. एका अक्षरात मैत्रीचा हक्क! आणि सगळी गोष्ट ही एलेनाच सांगते, त्यामुळे लीलाची बाजू आपल्याला थेट कधी मिळतच नाही. 'मी' सांगणारी कादंबरी असेल तर मधूनमधून स्वतःला विचारा की हेच दुसऱ्याने सांगितलं असतं तर कसं सांगितलं असतं. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधली यमू तिची गोष्ट स्वतः सांगते, तिथे हा प्रश्न विचारून बघा, सासरची माणसं वेगळीच दिसायला लागतात.

स्पीडचं म्हणाल तर रोज एक-दोन प्रकरणं पुरे. जॉर्ज इलियटची 'मिडलमार्च' ही कादंबरी 1871-72 मध्ये आठ भागांत निघाली, बरेचसे भाग दोन दोन महिन्यांनी, म्हणजे तेव्हाचे वाचक ती माणसं वर्षभर डोक्यात घेऊन फिरत होते. एका वीकेंडला असं पुस्तक उडवलं तर माणसं मुरत नाहीत.

शंभर पानांनंतरही एकाही माणसाची काळजी वाटत नसेल तर खुशाल ठेवून द्या, काही वर्षांनी परत बघा.

आणि संपल्यावर त्याच दिवशी पहिलं प्रकरण परत वाचा, हे चुकवू नका. माझ्या त्या कादंबरीत पहिल्याच पानावर एक भाऊ दार उघडतो आणि दारातच उभा राहतो, बहिणीला आत यायला जागा देत नाही, निदान दोन वाक्यं तरी. तीन वेळा ते वाक्य मी नुसती ओलांडून गेले होते. शेवट वाचून परत त्या दारापाशी आले तेव्हा मला माहीत होतं आतल्या खोलीत कोण झोपलंय आणि तो कशासाठी वेळ काढतोय.